तिघांचा मेळा : स्वीडनमधील एका जॅझ-वाद्यवृंदाची हकीगत

स्वीडन म्हटले की आपल्याकडच्या शाळामास्तरांना नोबेल पारितोषिक आठवते, आणि जुन्या माणसांना आगपेटी. अंबरनाथचा आगपेट्यांचा कारखाना १९२०च्या दशकात उभा केला तो स्वीडिश कंपनीनेच. गाण्याबजावण्याच्या बाबतीत मात्र त्या देशाचे नाव आपल्या तोंडी सहसा येत नाही. उत्तर ध्रुवाकडे सरकलेला मुलूख, सहा-सहा महिने थंडी, आणि सबंध देशाची वस्ती एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे आपल्या एकट्या मुंबईपेक्षाही कमी. अशा देशातल्या तीन वादकांनी १९९३ ते २००८ या पंधरा वर्षांत असे काही केले की जॅझचे माहेरघर जी अमेरिका, तिलाही मान वळवून पाहावे लागले. त्या तिघांची, आणि त्यांच्या आधीच्या एकादोघांची, हकीगत आज मी आपणांस सांगणार आहे.

पण श्रोतेहो, आधी जॅझ म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगायला हवे. नाहीतर पुढचे सगळे वऱ्हाड नवरदेवावाचून निघाल्यासारखे होईल.

गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या नातवंडा-पतवंडांनी विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात आणि आसपास हे संगीत घडवले. शेतात राबतानाची गाणी, देवळातली भजने, लष्करी बँडची पितळी वाद्ये, सगळे त्यात मिसळले. त्याची रीत आपल्याला अगदीच परकी नाही. आपला गवई चीज मांडतो आणि मग तिच्या अंगाने आलाप, बोलताना घेत सुटतो. जॅझचा वादकही आधी एक लहानशी धून वाजवतो आणि मग तिच्या आधाराने जागच्या जागी नवे रचू लागतो. फरक एवढाच, की आपल्याकडे षड्जाचा तंबोरा अखंड चालतो, तर त्यांच्याकडे एकाच वेळी तीन-चार स्वर जुळवून वाजवतात आणि ते स्वरांचे जुडगे सारखे बदलत राहते. वादकाला त्या बदलत्या पायऱ्यांवरून न अडखळता उतरायचे असते. बरोबरचे लोकही नुसता ठेका धरून बसत नाहीत. तेही मधेच बोलतात, अडवतात, हसतात. चांगला जॅझ म्हणजे पारावर रंगलेल्या गप्पा. एकाने विषय काढायचा आणि बाकीच्यांनी तो पुढे न्यायचा.

हे संगीत स्वीडनला पोचले ते तबकड्यांतून आणि बोटीवरच्या वादकांच्या हातून. १९३३ साली लुई आर्मस्ट्राँग हा थोर तुतारीवादक स्वत: स्टॉकहोमला आला आणि त्याची मैफल तिथल्या नभोवाणीने लोकांच्या घरात पोचवली. त्याच वर्षी ‘ऑर्केस्टरयुर्नालेन’ नावाचे मासिक तिथे निघाले. जगातल्या सर्वांत जुन्या जॅझ-नियतकालिकांत त्याची गणना होते. पुढे दुसरे महायुद्ध आले. शेजारच्या नॉर्वे-डेन्मार्कवर जर्मनांनी कब्जा केला, पण स्वीडन तटस्थ राहिला, आणि तिथले नाचघर व तिथला बँड चालू राहिला. युद्ध संपले तेव्हा स्वीडनमध्ये वादकांची एक तयार पिढी उभी होती. त्यांतला लार्स गुलीन हा बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारा इतका गुणी निघाला, की १९५४ साली ‘डाउनबीट’ या अमेरिकन मासिकाच्या कौलात नव्या वादकांमध्ये त्याचे नाव आले. हे ‘डाउनबीट’ मासिक ध्यानात ठेवा. पुढे त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

तरीपण इथपर्यंतचे सगळे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातला खेळ. अमेरिकन लोक जसे वाजवतात तसेच, शक्य तितके हुबेहूब वाजवायचे. स्वत:चे काय, हा प्रश्न विचारला तो यान योहान्सन या माणसाने. तो मला या सगळ्या गोष्टीत फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

योहान्सनचा जन्म १९३१चा, सोदरहाम्न या बंदराच्या गावचा. विजेच्या इंजिनिअरिंगचे शिक्षण घ्यायला तो गोथेनबर्गला गेला आणि पियानोपायी ते अर्धवट सोडून बाहेर पडला. (पालकांना तेव्हा काय वाटले असेल ते इथल्या पालकांना सांगायला नको!) कोपनहेगनमध्ये स्टॅन गेट्झ या नामांकित अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची त्याने साथ केली. म्हणजे अमेरिकन जॅझ त्याला येत नव्हता म्हणून तो दुसरीकडे वळला, असे मुळीच नाही. चांगला येत होता.

आता इथे एक जुनी गोष्ट मधे सांगतो. स्वीडनच्या खेड्यांत पूर्वी गावोगाव फिड्ल वाजवणारे असत. लग्नात, सुगीच्या सणात, नाचात त्यांचाच मान. एकोणिसाव्या शतकात धर्मजागृतीची लाट आली तेव्हा हे वाद्य सैतानाचे ठरले, आणि काही ठिकाणी फिड्लींची होळीसुद्धा झाली. पुढे कारखाने आले, तरुण शहराकडे गेले, कित्येक लाख माणसे अमेरिकेला निघून गेली. धुना जाणणारी म्हातारी माणसे तेवढी उरली. तेव्हा निल्स आंदेर्सन नावाचा, कायद्याच्या पेशातला एक गृहस्थ वही घेऊन खेडोपाडी हिंडला आणि वादकांपुढे बसून त्यांच्या धुना स्वरलिपीत उतरवून घेऊ लागला. १९२१ साली तो वारला. त्याच्या संग्रहाचा पहिला भाग छापून निघाला १९२२ साली. त्याला तो पाहायला मिळाला नाही. काम त्याच्या सहकाऱ्याने, ओलोफ आंदेर्सनने, पुरे केले. १९४०पर्यंत चोवीस भाग निघाले आणि त्यांत सुमारे आठ हजार धुना आल्या. ‘स्वेन्स्का लोतार’, म्हणजे स्वीडिश धुना, असे त्या ग्रंथाचे साधे नाव.

यान योहान्सनने हे भाग उघडले. त्यांतल्या काही धुना निवडल्या आणि पियानोवर वाजवल्या. बरोबर कोण? फक्त गेऑर्ग रीडेल हा बास वाजवणारा. बास म्हणजे माणसाएवढी उंच, उभी धरायची, खर्जाची सारंगी म्हणा. जॅझमध्ये ती बहुधा बोटाने छेडतात. ढोल नाही, तुतारी नाही. पियानो आणि बास, बस्स. १९६२-६३मध्ये ही मुद्रणे झाली आणि १९६४ साली ती एका मोठ्या तबकडीवर एकत्र निघाली. नाव ‘जॅझ पो स्वेन्स्का’, म्हणजे ‘स्वीडिशमधला जॅझ’. तिच्यातली पहिलीच धून दालार्ना प्रांतातल्या, सिल्यान तळ्याच्या बेटावरच्या ऊतानमीरा या खेड्याची.

ऐकताना पहिल्यांदा असे वाटते की यात काहीच नाही. स्वर मोजके, दोन स्वरांत मोकळी जागा, घाई कसलीच नाही. जो माणूस वेगाने वाजवू शकतो तो मुद्दाम सावकाश वाजवतो आहे, हे थोड्या वेळाने लक्षात येते, आणि मग ती मोकळी जागाच ऐकू यायला लागते. जॅझ न ऐकणाऱ्या लोकांनी ही तबकडी घरात आणली. तिच्या अडीच लाखांवर प्रती खपल्या. स्वीडनमध्ये जॅझची दुसरी कोणतीही तबकडी इतकी खपली नाही असे म्हणतात, आणि त्या देशाची वस्ती पाहता यात नवल नाही.

योहान्सन १९६८च्या नोव्हेंबरात, एका चर्चमधल्या मैफलीला निघालेला असताना मोटार-अपघातात गेला. वय सदतीस. लहान मुलांच्या लाडक्या ‘पिप्पी’च्या चित्रमालिकेसाठी त्याने बांधलेली चाल त्याच्या मृत्यूनंतर, १९६९ साली घरोघर पोचली. स्वीडनमधल्या ज्या मुलाने जॅझ हा शब्द ऐकलेला नाही त्यालाही योहान्सनची ती चाल पाठ असते.

आणि आता येतात आपले तिघे.

स्टॉकहोमच्या पश्चिमेला व्हेस्टरोस शहराजवळ स्कुल्तुना नावाचे गाव आहे. तिथे १६०७ साली राजाज्ञेने पितळेचा कारखाना निघाला आणि तो आजही पितळी समया-भांडी घडवतो. या गावात १९६४च्या एप्रिलात एस्ब्यर्न स्वेन्सनचा जन्म झाला. आई शास्त्रोक्त पाश्चात्त्य पियानो वाजवणारी, वडील जॅझचे शौकीन. म्हणजे घरात दोन्ही घराणी नांदत होती. त्याच गावचा माग्नुस ओस्ट्रम त्याच्याहून एका वर्षाने लहान. दोघे बाळमित्र. एक पियानोवर, दुसरा ढोलताशावर, असा पोरवयातला खेळ सुरू झाला तो सुटलाच नाही. मधे रॉक संगीताचे वेड लागले. शाळासोबत्यांचे बँड निघाले आणि मोडले. एस्ब्यर्नने पुढे स्टॉकहोमच्या संगीत महाविद्यालयात रीतसर शिक्षण घेतले.

इथे शिक्षकबंधूंसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. स्वीडनमध्ये १९४०च्या दशकापासून नगरपालिकांनी संगीतशाळा काढायला आरंभ केला. नेहमीच्या शाळेतल्या मुलाला थोड्याशा फीमध्ये एखादे वाद्य शिकता यावे, वाद्य विकत घेण्याची ऐपत नसेल तर ते उसने मिळावे, अशी ती योजना. काही दशकांत अशा शाळा जवळजवळ देशभर झाल्या. याशिवाय ‘अभ्यासमंडळ’ नावाची एक जुनी चाल तिथे आहे. १९०२ साली लुंड गावात ऑस्कर ओल्सन नावाच्या शिक्षकाने, दारूबंदीच्या चळवळीतून, ती सुरू केली. दहा-बारा माणसांनी जमायचे, एखादे पुस्तक सगळ्यांनी मिळून वाचायचे, त्यावर बोलायचे. मास्तर असलाच पाहिजे असे नाही. १९१२ साली कामगारांची शिक्षणसंस्था निघाली तिने ही रीत उचलली. सरकारने अनुदान दिले. आणि पुढे या मंडळांच्या यादीत पुस्तकांबरोबर गिटार आणि ढोलही आले. चार पोरांनी मिळून बँड काढला तर त्याचेही अभ्यासमंडळ होऊ लागले, आणि त्यांना सरावाला खोली मिळू लागली. एवढ्याशा देशातून इतके वादक कसे निघतात, असे लोक विचारतात. मला वाटते उत्तराचा बराच भाग या खोल्यांमध्ये आहे.

आपल्याकडे याला जवळचे उदाहरण शोधायचे तर गोव्यात जावे लागेल. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. तिथून शिकलेली माणसे मुंबईला आली, ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवू लागली आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. अळदोण्याचा अंतोनियो शावियेर वाझ, ज्याला लोक चिक चॉकलेट म्हणत, त्याची तुतारी आणि पुणतांब्याकडच्या सी. रामचंद्रांच्या चाली यांचा मेळ १९५१च्या ‘अलबेला’त बसला. तो आपला जॅझ. त्याची हकीगत वेगळी आहे आणि मोठी आहे.

तर, १९९०मध्ये एस्ब्यर्न आणि माग्नुस यांनी आपला जॅझचा मेळा काढला, आणि १९९३ साली त्यांना तिसरा गडी मिळाला. डान बेर्गलुंड, १९६३चा, उत्तरेकडच्या येम्टलंड प्रांतातला, बासवाला. हा मूळचा कडकडाटी रॉकचा भक्त. डीप पर्पल या इंग्रजी बँडवर वाढलेला. तिघांची पहिली तबकडी त्याच वर्षी निघाली. १९९६ साली त्यांनी थेलोनियस मंक या अमेरिकन उस्तादाच्या रचना वाजवल्या आणि ती तबकडी स्वीडनमध्ये बरी खपली. १९९७ साली ‘विंटर इन व्हेनिस’ आली. तिला ‘ग्रामिस’ हे स्वीडिश पारितोषिक मिळाले. त्याच साली एस्ब्यर्नने निल्स लांडग्रेन या ट्रॉम्बोनवाल्याबरोबर स्वीडिश लोकधुनांची एक तबकडी केली. योहान्सनने पाडलेली वाट अजून बुजलेली नव्हती, याचा हा पुरावा.

आरंभी मेळ्याचे नाव ‘एस्ब्यर्न स्वेन्सन ट्रायो’, म्हणजे एस्ब्यर्न स्वेन्सनचे त्रिकूट. पुढे नुसती आद्याक्षरे राहिली : ई. एस. टी. (आपल्या एस. टी.शी याचा संबंध नाही. पण वर्षातले बहुतेक दिवस ही मंडळीही प्रवासातच असत, हे खरे.) हा बदल दिसायला लहान आहे. जॅझमध्ये पियानोवाल्याचे नाव मोठे आणि बाकीचे दोघे साथीला, असा रिवाज. इथे पियानोवाल्यानेच आपले नाव आखडते घेतले. पुढच्या तबकड्यांवर रचनाकार म्हणूनही एकट्याचे नाव राहिले नाही. तिघांचे मिळून छापले जाऊ लागले. आणि ओके लिंटोन हा ध्वनियंत्रे सांभाळणारा माणूस, त्याला लोक मेळ्यातला चौथा वादकच म्हणत. पडद्यामागच्या माणसाला असा मान आपल्याकडच्या तमाशाच्या फडात किंवा नाटक-कंपनीत कितीदा मिळाला, हे जाणत्यांनी सांगावे.

१९९९ साली ‘फ्रॉम गागारिन्स पॉइंट ऑफ व्ह्यू’ ही तबकडी निघाली. गागारिन म्हणजे १९६१ साली पृथ्वीभोवती फिरून आलेला पहिला माणूस; त्याच्या जागेवरून पृथ्वी कशी दिसली असेल, अशी नावातली कल्पना. जर्मनीतल्या ‘अ‍ॅक्ट’ या कंपनीने ही तबकडी स्कँडिनेव्हियाच्या बाहेर नेली. त्यानंतर पाठोपाठ २०००, २००२, २००३, २००५, २००६ अशा तबकड्या येत गेल्या आणि प्रत्येक वेळी सभागृह मागच्यापेक्षा मोठे लागले. २००२च्या ‘स्ट्रेंज प्लेस फॉर स्नो’ या तबकडीला जर्मनी-फ्रान्समध्ये पारितोषिके मिळाली, आणि तिच्यापाठी त्या वर्षी युरोप, अमेरिका, जपान असा कित्येक महिन्यांचा दौरा झाला.

त्यांच्या वाजवण्यात नवे काय होते? पियानो तोच, शंभर वर्षांचा. पण एस्ब्यर्न कधी पियानोचे झाकण उघडून आत हात घालायचा, तारा दाबून धरायचा, तारांवर वस्तू ठेवायचा. मग पियानोतून लाकडी, घोगरा, कधी डफासारखा आवाज निघायचा. डान बेर्गलुंड बासवर गज फिरवायचा आणि तो आवाज विजेच्या यंत्रातून असा फाडायचा, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला रॉकची गिटार वाजते आहे असे वाटावे. त्याचे ते तरुणपणचे डीप पर्पल इथे उपयोगी पडले. माग्नुस ओस्ट्रम ढोलावर तारांचे कुंचले फिरवी, हाताने थापही देई, आणि ज्या पळत्या ठेक्यांवर त्या काळचे तरुण शहरातल्या नाचघरांत नाचत होते तेच ठेके तो यंत्राशिवाय, स्वत:च्या मनगटाने काढी. रचना मात्र साध्या. एक छोटी धून, एकदा ऐकून गुणगुणता येईल अशी. ती फिरून फिरून यायची, हळूहळू चढायची, मग अकस्मात खाली बसायची. कधी एखादी इतकी संथ, की योहान्सनच आठवावा.

आणि रंगमंचावर धूर आणि रंगीत दिवे! जॅझच्या मैफलीत लोक पेला घेऊन खुर्चीत बसतात. इथे विशी-पंचविशीतली पोरे उभी राहून ऐकायला लागली. त्यांची एक चित्रफीत तरुणांच्या संगीत-वाहिनीवर लागत असे. त्यांच्या तबकड्या पॉप गाण्यांच्या खपाच्या याद्यांत जाऊन बसल्या. हे सगळे पाहून जुन्या जाणकारांच्या कपाळाला आठ्या पडणारच. कोणी म्हणाले हा जॅझच नव्हे. कोणी म्हणाले धून सोपी आहे, दिवेच जास्त आहेत. या आक्षेपात अजिबात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. एखादी रचना पुन:पुन्हा तीच पायरी चढते आहे, असे मलाही ऐकताना वाटले आहे. पण जे सोपे वाटते ते प्रत्येक मैफलीत निराळे वाजत होते, हे आक्षेप घेणारे विसरले. आदल्या रात्री जी धून पाच मिनिटांची होती ती दुसऱ्या रात्री कुठल्या कुठे जायची. उत्स्फूर्त रचणे हा जॅझचा प्राण असेल, तर तो प्राण शाबूत होता. पोशाख तेवढा बदलला.

२००६च्या मे महिन्यात ‘डाउनबीट’ मासिकाच्या मुखपृष्ठावर या तिघांचे चित्र आले. हे मासिक १९३४पासून निघत होते, आणि इतक्या वर्षांत युरोपातल्या एखाद्या वाद्यवृंदाला तिथे जागा मिळाली ती ही पहिलीच वेळ. लार्स गुलीनच्या कौलाला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती. अमेरिकन माणसांनी उदार मनाने दिले असे म्हणा, किंवा द्यावेच लागले असे म्हणा.

२००७च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाचा दौरा होता. मधे रिकामे दिवस मिळाले तेव्हा तिघे सिडनीतल्या ‘३०१’ नावाच्या स्टुडिओत शिरले. हातात रचना एकही नाही. दोन दिवस ते बसून वाजवत राहिले, जे सुचेल ते; आणि बाहेर पडले तेव्हा कित्येक तासांचे संगीत जमा झाले होते. त्यातून निवडून त्यांनी एक तबकडी तयार केली. नाव ठेवले ‘ल्युकोसाइट’, म्हणजे रक्तातली पांढरी पेशी. आधीच्या सगळ्या तबकड्यांपेक्षा ही वेगळी. खडबडीत, काळोखी, कुठे कुठे जवळजवळ भीतिदायक. ज्यांना गोड धुनांची सवय झाली होती त्यांना ती जड जाणार, हे या तिघांना ठाऊक असणार. तरी त्यांनी तीच काढायचे ठरवले. इथे मला त्यांचे खरे मोल कळते. खपणारा माल सोडून माणूस जेव्हा दुसरे पेरतो, तेव्हा तो केवळ बाजारासाठी नांगर धरीत नाही.

तबकडी तयार होती. बाजारात यायची होती सप्टेंबरात. १४ जून २००८ रोजी, शनिवारी, स्टॉकहोमच्या बाहेरच्या बेटांत, इंगारो बेटाजवळ, एस्ब्यर्न पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरला. त्या खेळाचा त्याला नाद होता. पाण्याखाली अपघात झाला आणि तो गेला. वय चव्वेचाळीस. मागे पत्नी आणि दोन मुलगे.

तबकडी ठरल्याप्रमाणे सप्टेंबरात निघाली. मेळा मात्र तिथेच संपला. पियानोवर दुसरा माणूस बसवून नाव चालू ठेवणे अवघड नव्हते. जगभरचे कार्यक्रम ठरलेले होते, पैसा होता. माग्नुस आणि डान यांनी तसे केले नाही. नावातली अक्षरे आखडती घेतली तरी त्या अक्षरांतला माणूस बदलता येत नाही, असे त्यांनी जणू ठरवले.

दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. डानने ‘टोनब्रुकेत’ नावाचा नवा मेळा काढला, त्याची पहिली तबकडी २०१०ची. माग्नुसने २०११ साली स्वत:च्या नावाने पहिली तबकडी काढली. तिच्यात एस्ब्यर्नच्या आठवणीसाठी एक रचना आहे आणि तीत पॅट मेथेनी हा मोठा अमेरिकन गिटारवादक वाजवायला आला. २०१२ साली सिडनीतल्या त्या दोन दिवसांतले उरलेले संगीत ‘३०१’ या नावाने बाहेर आले. २०१६ साली हान्स एक याने तिघांच्या रचना मोठ्या सिंफनी वाद्यवृंदासाठी बांधल्या, आणि स्टॉकहोमच्या फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाबरोबर माग्नुस आणि डान पुन्हा एकत्र वाजले. पियानोवर फिनलंडचा इरो रान्ताला होता. नाव त्याचे त्याच्याच जागी राहिले, ई. एस. टी.चा पियानोवाला म्हणून नव्हे. पुढे नॉर्वेच्या बुग्गे वेसेल्टोफ्तबरोबर दोघांनी ‘रीम्देन’ हा नवा मेळा काढला, त्याची पहिली तबकडी २०१९ सालची.

स्टॉकहोममध्ये २००८ सालीच आणखी एक त्रिकूट जमले होते, संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचे. नाव ‘डर्टी लूप्स’. हे तिघे उलट्या टोकाने निघाले. लोकांच्या तोंडी असलेली पॉप गाणी घ्यायची, आणि त्यांत जॅझचे अवघड स्वर आणि तिरपे ठेके घालून ती पार बदलून टाकायची. अशा गाण्यांच्या चित्रफिती त्यांनी इंटरनेटवर टाकल्या आणि लाखो लोकांनी त्या पाहिल्या. २०१४ साली त्यांची पहिली तबकडी निघाली. हे पुष्कळ वेगाने, पुष्कळ स्वर वाजवतात; योहान्सनच्या मोकळ्या जागेचा इथे पत्ता नाही. मला ते ऐकून दमायला होते, पण तरुण ऐकतात, आणि वाजवणारा हात तयारीचा आहे यात शंका नाही.

एस्ब्यर्नची शेवटची गोष्ट सांगायची राहिली. मृत्यूच्या थोडेच आधी, २००८च्या वसंतात, तो घराच्या तळघरातल्या आपल्या खोलीत एकटाच पियानो वाजवून ते संगणकावर साठवत होता. हे कोणाला ठाऊक नव्हते. त्याच्या मागे पत्नीने त्या साठवणीच्या पेट्या जपून ठेवल्या, उघडल्या नाहीत. काही वर्षांनी तिने त्या ओके लिंटोनकडे, त्याच चौथ्या वादकाकडे, तपासायला दिल्या. त्यांत नऊ रचना निघाल्या, मुद्रण स्वच्छ. बास नाही, ढोल नाही, पियानो एकटा. नोव्हेंबर २०२२मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. करणाऱ्याने त्यांना नावे दिलेली नव्हती, म्हणून त्या ग्रीक मुळाक्षरांनी ओळखल्या जातात : पहिली आल्फा, आणि नववी आयोटा.